खतावणी कुणाच्या हाती?

(लोणंद येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी स्वरूप)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'इंटरनेट वापरणाऱ्या नागरिकाचा स्वतःच्या माहितीवरील हक्क' असा ठरविण्यात आला आहे. विषयाचे नाव ऐकून, हा पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांचा प्रश्न आहे, लोणंदच्या कांदा बाजारात त्याचे काय काम, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. माल, माप, भाव आणि हिशेब या गोष्टींचे शिक्षण या गावाने पिढ्यान्‌पिढ्या घेतलेले आहे. आणि या प्रश्नाच्या मुळाशी याच चार गोष्टी आहेत.

येथल्या बाजार समितीत शेतकरी कांदा घेऊन येतो, लिलाव होतो, तोलाई होते आणि शेवटी त्याच्या हातात हिशेबपट्टी पडते. पट्टीवर वजन असते, दर असतो, हमाली-तोलाईची वजावट असते, माल घेणाऱ्याचे नाव असते. भाव पडला तर शेतकरी कपाळाला हात लावतो, पण निदान भाव काय पडला हे त्याला कळते. कपात जास्त झाली तर तो भांडतो, कारण कपात कागदावर दिसते. ही पट्टी कुणी मेहेरबानीने दिलेली नाही. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याचा काळ फार जुना नाही; मालाचा धनी शेजारी उभा असे आणि त्याच्याच मालाचा सौदा त्याला दिसू नये अशी ती रीत होती. उघडा लिलाव आणि लेखी हिशेब यांसाठी चळवळी कराव्या लागल्या, कायदे करावे लागले. महाराष्ट्राचा बाजार नियंत्रणाचा कायदा १९६३ सालचा आहे.

आता त्याच शेतकऱ्याच्या खिशातल्या मोबाइलकडे पाहा. तो कोठे जातो, किती वेळ थांबतो, कोणत्या बियाण्याची चौकशी करतो, कुणाशी बोलतो, कोणते औषध मागवतो, कर्जाचा हप्ता वेळेवर भरतो की नाही, घरात कुणाला कोणता आजार आहे, या साऱ्याची नोंद कुठे ना कुठे होत असते. त्या नोंदीवर जाहिरात विकली जाते, कर्जाचा व्याजदर ठरतो, विम्याचा हप्ता ठरतो. म्हणजे माल गेला, तोलला गेला, विकलाही गेला. पट्टी मात्र मिळाली नाही. किती माल गेला, कुणी घेतला, काय दराने घेतला, हे मालाच्या धन्याला कळत नाही. उपरण्याखालचा सौदा पुन्हा आला आहे, एवढेच की आता उपरणे काचेचे आहे.

नोंद कुणी ठेवावी आणि ती कुणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. नीरा नदी ओलांडून पलीकडे गेले की बारामती तालुक्यात सुपे हे गाव लागते. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी तेथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' या नावाने नोंदली गेली आहे. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कशावर होता, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी मागितले ते रोखे, खतपत्रे, वह्या. आणि त्यांची होळी केली. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले त्याच्या जिवाला बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही. निरक्षर शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की उमगली होती की, त्याची गुलामी त्या वह्यांत लिहून ठेवलेली आहे. आणि त्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला कधीच दाखविले जात नाही. अंगठा त्याचा, मजकूर सावकाराचा.

त्या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. म्हणजे आपला जिल्हा त्यात पहिल्यापासून होता. या कायद्यातील दोन-तीन तरतुदी आजच्या विषयाच्या दृष्टीने इतक्या बोलक्या आहेत की, मी त्यांवर थोडा वेळ घेणार आहे. सावकाराने पैसे मिळाल्याची लेखी पावती दिली पाहिजे. ऋणकोने मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून दिला पाहिजे. ऋणकोजवळ स्वतःचे पासबुक असले पाहिजे आणि त्यात नोंदी करून दिल्या पाहिजेत. खत लिहायचे ते गावच्या निबंधकासमोर, म्हणजे ज्याचा अंगठा उठणार त्याला मजकूर समजला आहे याची खातरजमा करून. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खतावर अंगठा आहे एवढ्यावर न्यायालयाने थांबू नये. खताच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, मुद्दल किती, व्याज किती, हे तपासावे.

या कायद्याने शेतकरी कर्जमुक्त झाला नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखते लिहून घेण्यास सुरुवात केली आणि कायद्याला बगल दिली. परकीय सरकारला शेतकऱ्याच्या कल्याणापेक्षा शांततेची चिंता अधिक होती, हेही खरे. तरीसुद्धा त्या कायद्यात एक तत्त्व मान्य झाले: ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला त्या नोंदीची प्रत मिळाली पाहिजे आणि दुर्बळाची संमती तपासल्याशिवाय संमती मानता येणार नाही. चार वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. ज्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीरावांनी त्यात लेखणी ज्यांच्या हाती आहे त्या कामगारवर्गाच्या, म्हणजे सरकारी कारकून मंडळींच्या, कारभारावरच कोरडे ओढले. लेखणीचे राज्य ही त्यांची चीड होती.

आज लेखणीची जागा यंत्राने घेतली आहे. 'मला मान्य आहे' हे बटण दाबल्याशिवाय कोणतेही ॲप उघडत नाही. त्या बटणामागे वीस-पंचवीस पानांचा इंग्रजी मजकूर असतो. तो वाचण्याची फुरसत वकिलालाही नसते. आणि न दाबण्याची मुभा तरी कुठे आहे? १८७५ च्या सावकाराच्या दारी उभ्या असलेल्या कुणब्याला जेवढी होती तेवढीच. आधारचा प्रारंभ आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी झाला. तेव्हापासून अंगठ्याला नवा अर्थ आला आहे. पूर्वी अंगठा निरक्षराचाच असे, आता पदवीधराचाही आहे.

शेतकऱ्यापुरते बोलायचे तर 'ॲग्रिस्टॅक' ही योजना आपल्या दारापर्यंत आली आहे. आधार, सातबारा आणि पिकाची नोंद यांची सांगड घालून प्रत्येक खातेदाराला एक ओळख क्रमांक द्यावयाचा, अशी ती योजना. महाराष्ट्रात कृषी खात्याच्या योजनांच्या लाभासाठी १५ एप्रिल २०२५ पासून हा क्रमांक अनिवार्य करण्यात आला. त्याआधी १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली होती. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्या पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, त्यातही शेतीविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र व्यवस्था उभारण्याची योजना आहे.

या गोष्टींना आंधळा विरोध करावा असे मी म्हणणार नाही. तलाठ्याकडे खेटे घालावे लागू नयेत, गारपिटीची भरपाई खऱ्या नुकसानग्रस्ताला मिळावी, पीकविम्यातील बोगस नावे गळावीत, हे आपणही वर्षानुवर्षे मागत आलो आहोत. परंतु दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला असा की, ही नोंद जमिनीच्या मालकीवर बेतलेली आहे. मग वाट्याने करणारा, दुसऱ्याच्या रानात राबणारा, आणि जिच्या नावावर सातबारा नाही पण जिच्या हातून कांद्याची लागण, खुरपणी आणि काटणी होते ती स्त्री, या नोंदीत कोठे आहे? जो नोंदीत नाही त्याला उद्या शेतकरी म्हणून ओळखले जाणार नाही. आपल्या चळवळीने कुळांच्या नोंदीसाठी जे झगडे केले ते आठवा. नोंद नसणे हीसुद्धा एक शिक्षा असते.

दुसरा प्रश्न असा की, एकदा गोळा झालेली ही माहिती कुणासाठी खुली होणार? २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टसह काही खाजगी कंपन्यांशी शेतकऱ्यांच्या माहितीवर आधारित प्रायोगिक प्रकल्पांचे करार केले होते. माहितीच्या संरक्षणाचा कायदा तेव्हा देशात अस्तित्वात नव्हता. पंचावन्न संघटनांनी पत्र लिहून त्याला हरकत घेतली. ते करार मर्यादित मुदतीचे होते आणि ती मुदत संपली, हे नमूद केले पाहिजे. परंतु ज्यांच्या माहितीचा तो व्यवहार होता त्या शेतकऱ्यांना आधी कुणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. एखाद्या व्यापाऱ्याला अमुक पट्ट्यात किती एकर कांदा उभा आहे, तो कधी निघेल आणि कोणत्या शेतकऱ्याचा हप्ता थकला आहे हे काढणीपूर्वीच कळत असेल, आणि शेतकऱ्याला मात्र व्यापाऱ्याच्या गोदामात किती माल पडून आहे हे कळत नसेल, तर त्या लिलावाला लिलाव का म्हणावे?

सरकारच्या हाती माहिती असली म्हणजे ती जनतेच्या मालकीची झाली, असे आपल्यातील काहींना वाटते. समाजवाद्यांना तर ते वाटण्याचा मोह अधिक. म्हणून दोन उदाहरणे सांगतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१९ मध्ये वाहन नोंदणी आणि चालक परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आखले. व्यापारी संस्थेला वर्षाला तीन कोटी रुपये, शिक्षण संस्थेला पाच लाख, असा दर ठेवला. तुमच्या माझ्या मोटारसायकलची ही नोंद. पुढे २०२० मध्ये ते धोरण मागे घेतले गेले; परंतु या व्यवहारातून शंभर कोटींहून अधिक रुपये मिळाले, असे सरकारनेच २०२१ मध्ये संसदेत सांगितले. त्यातला एक पैसा कुणा वाहनधारकाला मिळाला नाही, आणि आपली नोंद विकली गेली हे शेकडा नव्याण्णव लोकांना आजही ठाऊक नसेल. दुसरे उदाहरण रेल्वेचे. ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेच्या तिकीट महामंडळाने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसे काढावे यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली. अपेक्षा हजार कोटींची होती. गहजब झाला आणि ती निविदा मागे घ्यावी लागली. गहजब झाला म्हणून मागे घ्यावी लागली, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

येथे एक नवा विचार पुढे येतो आणि तो वरवर पाहता आकर्षक आहे. कंपन्या आपल्या माहितीवर पैसा मिळवतात ना, मग त्यांनी आपल्याला किंमत द्यावी. प्रत्येकाने स्वतःची माहिती स्वतः विकावी आणि नफा घ्यावा. अमेरिकेत जॅरन लेनियर यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात अशा मोबदल्याचा आग्रह धरला. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी २०१९ मध्ये 'माहितीचा लाभांश' जनतेला मिळावा असे बोलून दाखविले. विचार न्यायाच्या बाजूचा आहे यात शंका नाही. परंतु बाजारात उतरण्यापूर्वी भाव विचारावा, ही लोणंदची रीत. तर भाव पाहू.

फेसबुकने २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत जाहीर केलेल्या आकड्यांनुसार अमेरिका व कॅनडातील एका वापरकर्त्यामागे कंपनीचे तिमाही उत्पन्न ६८ डॉलरांच्या वर होते. आपण ज्या आशिया-पॅसिफिक विभागात मोडतो तेथे ते साडेपाच डॉलर होते. त्या वेळच्या दराने हे सुमारे साडेचारशे रुपये झाले, म्हणजे महिन्याला दीडशे. या विभागात जपान आणि ऑस्ट्रेलियाही येतात, तेव्हा लोणंदच्या वापरकर्त्याचा आकडा त्याहून पुष्कळ खाली असणार. आणि हे कंपनीचे सारे उत्पन्न झाले. तिने खर्च वजा करून त्यातला चतुर्थांश जरी वाटला तरी आपल्या हाती मोबाइलच्या महिन्याच्या रिचार्जचेही पैसे येणार नाहीत. वार्षिक लाभांश म्हणून सभासदाला पाच किलो साखर द्यावी आणि कारखान्याच्या काट्याबद्दल त्याने बोलू नये, असला हा सौदा होईल.

शिवाय विकायला पहिल्यांदा कोण उभा राहील? ज्याला गरज आहे तो. जुलै २०२३ मध्ये 'वर्ल्डकॉइन' नावाच्या उपक्रमाने डोळ्यांच्या बुबुळाचे छायाचित्र देणाऱ्याला आभासी चलन देऊ केले. केनियाची राजधानी नैरोबी येथे रांगा लागल्या. त्या चलनाची किंमत माणशी सुमारे पन्नास डॉलर होत होती. ऑगस्टच्या सुरुवातीलाच केनिया सरकारने तो प्रकार स्थगित केला. पन्नास डॉलरांसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याच्या गरजेला 'स्वेच्छा' म्हणणाऱ्याला देईन.

पण या एकेकट्याच्या विक्रीत आणखी एक गफलत आहे आणि ती अधिक खोल आहे. माझी माहिती ही केवळ माझी नसते. एखाद्या गावात शंभर कांदा उत्पादक आहेत असे धरा. त्यांपैकी साठांनी आपली पेरणी, खर्च, उतारा आणि कर्ज यांची माहिती विकली, तर उरलेल्या चाळिसांविषयी आणखी विचारण्याची गरजच राहत नाही. जमीन तीच, पाऊस तोच, सोसायटी तीच. त्या चाळिसांनी नकार दिला तरी त्यांच्या नकाराला किंमत उरत नाही आणि त्यांच्या मालाला तर नाहीच. माझ्या रक्ताचा अहवाल माझ्या भावाविषयी सांगतो. माझ्या फोनमधील यादी माझ्या साऱ्या गोतावळ्याचे क्रमांक उघडे करते. अशी वस्तू एकट्याने विकणे म्हणजे सामाईक विहिरीचे पाणी आपल्या वाटणीचे म्हणून टँकरवाल्याला विकणे होय. ज्या वस्तूचे मोल समूहामुळे निर्माण होते तिचा सौदाही समूहानेच केला पाहिजे. एकटा शेतकरी कांद्याच्या व्यापाऱ्यापुढे टिकत नाही हे आपण शंभर वर्षांपूर्वी शिकलो; म्हणून तर सोसायट्या, संघ आणि बाजार समित्या निघाल्या.

अशा सामुदायिक सौद्याची काही उदाहरणे जगात उभी राहत आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ साली आरोग्यविषयक माहितीची एक सहकारी संस्था निघाली. सभासद आपल्या नोंदी तेथे ठेवतात आणि कोणत्या संशोधनाला त्या द्यावयाच्या हे प्रत्येक जण ठरवतो. आपल्या भाषेशी निगडित उदाहरण अधिक जवळचे आहे. यंत्राला मराठी ऐकायला आणि बोलायला शिकवायचे तर मराठी माणसांचे हजारो तासांचे बोलणे लागते. २०२० च्या सुमारास महाराष्ट्रातील अल्प उत्पन्नाच्या लोकांना मोबदला देऊन त्यांच्या आवाजात शंभर तासांहून अधिक मराठी वाचन ध्वनिमुद्रित करण्यात आले. त्याच प्रयोगांतून पुढे बंगळूरची 'कार्या' ही संस्था वाढली. ती बोलणाऱ्याला मजुरी देतेच, शिवाय ध्वनिमुद्रित साहित्य पुन्हा विकले गेले तर त्यातला वाटा मूळ बोलणाऱ्याला देण्याचे तत्त्व तिने स्वीकारले आहे. माणदेशी बोलीत बोलणाऱ्या आजीचा आवाज ही बाजारात मागणी असलेली वस्तू झाली आहे, ही गोष्ट आपल्या साहित्यिकांच्या अजून ध्यानात आलेली दिसत नाही. सरकारनेही 'भाषिणी' या उपक्रमात नागरिकांकडून आवाज मागितले आहेत, आणि त्या योजनेला नाव दिले आहे 'भाषादान'. हेतू चांगला आहे, सार्वजनिक उपयोगाचे भांडार त्यातून उभे राहते. परंतु खुल्या भांडाराचा सर्वाधिक लाभ ज्याच्याजवळ मोठी यंत्रे आहेत तोच उठवतो. विनोबांनी दान मागितले ते जमीनदाराकडे. येथे भूमिहीनाने द्यायचे आणि जमीनदाराने न्यायचे, असे होता कामा नये.

तरीही मला सर्वांत उपयोगी वाटते ते उदाहरण परदेशातले नाही, आपल्या हमालांचे आहे. १९६९ चा माथाडी कायदा आपण सर्व जाणता. हमालांच्या संघटित लढ्यातून तो आला. त्या कायद्याने काय केले? हमालाची नोंद मालकाच्या वहीतून काढून मंडळाच्या वहीत आणली. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि शासनाचे प्रतिनिधी. मालकाने मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, आणि त्या नोंदीच्या आधारे भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान. ज्या पाठीवरच्या पोत्याची कुठे नोंद नव्हती त्या पोत्याची नोंद हमालाचा हक्क बनली. नोंद वाईट नसते. ती कुणाच्या हाती आहे आणि तिचा लाभ कुणाला, यावर सारे अवलंबून असते. याच धर्तीवर राजस्थानने २०२३ मध्ये मोबाइल ॲपच्या कंपन्यांमार्फत काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगारांसाठी आणि चालकांसाठी देशातील पहिला कायदा केला. प्रत्येक व्यवहाराची नोंद कल्याण मंडळाच्या यंत्रणेत दिसली पाहिजे आणि त्यावर कंपनीने उपकर भरला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. तेथे सरकार बदलले आणि अंमलबजावणी रेंगाळली, ही आपल्या देशातील नित्याची कथा. कर्नाटकाने २०२५ मध्ये तसा कायदा केला. ज्या महाराष्ट्राने ही कल्पना देशाला दिली तो या बाबतीत मागे का, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारण्यासारखा आहे.

आता देशाच्या कायद्याकडे येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. गरिबाला पोटाची चिंता, त्याला खाजगीपणा कशाला, हा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला होता आणि न्यायालयाने तो फेटाळला. हा युक्तिवाद आपल्या सभांमधूनही ऐकू येतो, म्हणून मुद्दाम सांगतो. कर्ज थकले म्हणून ज्याच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना वसुलीवाल्यांचे फोन जातात, त्या गरिबाला खाजगीपणा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

त्या निर्णयानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि नागरिकांच्या हक्कांची मुख्य कलमे अंमलात येण्यासाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायद्यात चांगले आहे ते सांगतो. संमती स्पष्ट भाषेत मागितली पाहिजे आणि आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, ती वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. दिलेली संमती परत घेता येते. आपल्या माहितीचा गोषवारा मागता येतो, चूक दुरुस्त करून घेता येते. चूक करणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

आता उणिवा. तो दंड भारत सरकारच्या तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचे जे कलम होते ते या कायद्याने वगळले आहे. नागरिकावर कर्तव्ये लादून खोट्या तक्रारीसाठी दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद मात्र आवर्जून केली आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. सर्वांत चिंताजनक गोष्ट कलमांच्या शब्दांत दडलेली आहे. गोषवारा मागण्याचा आणि दुरुस्तीचा हक्क हा संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. अनुदान, सवलत, दाखला देण्यासाठी सरकार वेगळ्या कलमाखाली संमतीवाचून माहिती वापरू शकते. म्हणजे कंपनीकडून पासबुक मागता येईल, परंतु ज्या सरकारी नोंदीवर शेतकऱ्याचे अनुदान अवलंबून आहे तिचे पासबुक मागण्याचा हक्क या कायद्याने मिळेलच असे नाही. १८७९ मध्ये सावकाराकडून जे मागता येत होते ते आज लोकशाही सरकारकडून मागता येऊ नये, याला काय म्हणावे? आणि जाता जाता या कायद्याने माहितीच्या अधिकारावरही घाव घातला आहे. व्यक्तिगत माहिती असली तरी व्यापक लोकहितासाठी ती उघड करता येईल, अशी जी तरतूद त्या कलमात होती ती काढून टाकण्यात आली. गरिबाची माहिती विकता येते आणि अधिकाऱ्याची मागता येत नाही, अशी ही उलटी गंगा आहे.

सामुदायिक हक्काचा विचार सरकारदरबारी झालाच नाही असे नाही. क्रिस गोपालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये आपल्या अहवालात, एखाद्या समूहाच्या माहितीवर त्या समूहाचा हक्क असावा आणि त्याच्या वतीने विश्वस्ताने तो बजावावा, असे सुचविले होते. त्याचा कायदा झाला नाही. ती सूचना धूळ खात पडली आहे. ती झटकून पुन्हा मांडणे आपले काम आहे. अर्थात विश्वस्त कोण, हा प्रश्न उरतोच. सहकार म्हटले की सगळे आलबेल, असे म्हणण्याची सोय सातारा-सांगलीच्या माणसाला राहिलेली नाही. ज्या कारखान्यांत सभासदाला सभेत माईक मिळत नाही, तेथे माहितीची सहकारी संस्था काढली तर तिचा चेअरमनही त्याच वाड्यातून येईल. म्हणून अशा संस्थेत सभासदाला वाटेल तेव्हा आपली नोंद काढून घेण्याचा आणि संस्थेने केलेला प्रत्येक सौदा गावसभेपुढे वाचून दाखविण्याचा नियम आधी हवा, भागभांडवल मागाहून.

चर्चेच्या वेळी विचारला जाईल म्हणून एका प्रश्नाचे उत्तर आताच देतो. मग शेतकरी क्रमांक घेऊ नये काय? घ्यावा. न घेतल्यास अनुदान बुडेल आणि तुमच्या बहिष्काराने दिल्लीत कुणाची झोप उडणार नाही. परंतु नोंदणी करताना पडद्यावर कोणकोणत्या गोष्टींना आपण मान्यता देत आहोत, ते सेवा केंद्रातील मुलाकडून मराठीत वाचून घ्यावे. कार्यकर्त्यांनी अशा केंद्रांवर दोन-दोन दिवस बसून लोकांना हे वाचून दाखवावे. पूर्वी आपण रोजगार हमीच्या हजेरीपटासाठी बसत होतो, तसेच. वाट्याने करणाऱ्यांची आणि शेतकरी स्त्रियांची यादी गावोगाव आपण स्वतः करावी आणि ती तहसील कार्यालयात दाखल करावी. विकास सोसायट्यांच्या आणि ग्रामपंचायतींच्या येत्या सभांत ठराव मांडावेत: आमच्या गावच्या शेतकऱ्यांची माहिती कोणत्या खात्याने, कोणत्या कंपनीला, कोणत्या कामासाठी आणि काय दराने दिली, याचा वार्षिक हिशेब ३१ मार्चला चावडीवर लावण्यात यावा. खंडाळा आणि फलटण या दोन तालुक्यांतून असे पन्नास ठराव गेले, तर ते जिल्हाधिकारी कार्यालयाला बाजूला ठेवता येणार नाहीत. ठरावाचा मसुदा आज सायंकाळपर्यंत तयार होईल. ज्यांना प्रती हव्यात त्यांनी आपल्या गावाचे नाव लिहून द्यावे.